गंभीर विषाणूजन्य आजारानंतर हृदय आणि फुप्फुसांचं पुनर्वसन : घरी करायच्या पायऱ्या आणि कुठे थांबायचं

इन्फ्लुएन्झा असो, कोविड असो की दुसऱ्या एखाद्या विषाणूचा न्यूमोनिया. जिवावरचं दुखणं टळलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रुग्णाचा पडत नाही. ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, एक्स-रे जवळपास स्वच्छ असतो, औषधंही संपत आलेली असतात, आणि तरी आंघोळ करून बाहेर आलं की आधी पलंगावर टेकावं लागतं. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, पडून राहा, अंगाला आराम हवा. कुणी म्हणतं, पडून राहिलात तर असेच राहाल, रोज थोडं जास्त चाला. दोन्ही सल्ले कुणा ना कुणाला लागू पडतात. आपल्याला कुठला, आणि आज कुठला, हे ठरवता येणं हेच यातलं खरं काम आहे. व्यायामांची यादी कुठेही मिळते.

दम नक्की कशामुळे लागतोय?

दम लागला की दोष फुप्फुसांना जातो. पण १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. ताप नाही, संसर्ग नाही. तरीही ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वाढत्या वयाने तीन दशकांत जेवढं नेलं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं असं आढळलं. आता यात ताप, सूज, स्टेरॉइड आणि व्हेंटिलेटर मिळवा. आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सरासरी सहाव्या हिश्शाने बारीक होतो, असं मोजमापांत दिसलं आहे.

एआरडीएससारख्या फुप्फुसांच्या गंभीर बिघाडातून वाचलेल्यांचा कॅनडात पाच वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. फुंकण्याच्या चाचणीत त्यांची फुप्फुसं जवळपास पूर्ववत होती, पण सहा मिनिटांत ते जेवढं अंतर चालायला हवं त्याच्या साधारण तीन चतुर्थांशच चालत होते. म्हणजे श्वास घेणारं यंत्र दुरुस्त झालं तरी तो ऑक्सिजन वापरणारं शरीर मागेच राहिलं होतं.

म्हणून पहिल्या काही दिवसांत दम कसा लागतो, तेवढं नीट पाहा. चालताना ऑक्सिजन खाली येतो, कोरडा खोकला येतो, खोल श्वास मध्येच अडतो, तर बोट फुप्फुसांकडे जातं. आडवं झाल्यावर दम वाढतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात, दोन्ही पायांवर सूज येते, तर हृदयाची तपासणी आधी. ऑक्सिजन जागचा हलत नाही पण जिन्यात मांड्या भरून येतात, तर स्नायू. शांत बसलेलं असताना 'पोटभर श्वास मिळत नाही' असं वाटतं, सतत उसासे आणि जांभया येतात, बोटांना मुंग्या येतात आणि ऑक्सिजन ९८-९९ असतो, तर बहुधा श्वासाची लय बिघडलेली असते. आजारात वरवर, भराभर श्वास घ्यायची सवय लागते आणि आजार गेला तरी ती जात नाही. उभं राहिलं की धडधड आणि आडवं झालं की बरं, ही तऱ्हा आणखी वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ. एकाच माणसात यातली दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी सामान्य आहे. रक्तक्षय आणि थायरॉइडचा बिघाडही हीच लक्षणं देतात, त्यामुळे साधी रक्ततपासणी टाळू नका.

सुरुवात करण्याआधी

पुढचं काहीही घडत असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच वैद्यकीय मदत घ्या:

- अचानक वाढलेला दम, विशेषतः छातीत टोचणं किंवा थुंकीतून रक्त यासोबत
- एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा
- श्रमाने छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं
- नाडी अचानक अनियमित होणं
- ओठ निळसर पडणं, शुद्ध हरपल्यासारखं होणं किंवा विश्रांतीत ऑक्सिजन ९२ च्या खाली जाणं (जुन्या फुप्फुसविकारामुळे डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा)

पहिल्या दोन ओळी रक्ताच्या गुठळीच्या आहेत. गंभीर संसर्ग आणि अंथरुणाला खिळणं, दोन्हींमुळे गुठळ्यांचा धोका वाढतो आणि तो घरी आल्यावरही काही आठवडे टिकतो. 'अशक्तपणा असेल' म्हणून दिवस काढण्याची ही जागा नाही.

दुसरी गोष्ट मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेची. कॉक्सॅकी, इन्फ्लुएन्झा, कोविड असे अनेक विषाणू ती आणू शकतात. सुजलेल्या हृदयावर जोराचा व्यायाम केल्यास ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते. आजारात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं होतं, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी आलं होतं किंवा छातीत दुखत होतं, अशांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पायऱ्या चढण्यापलीकडचे श्रम करू नयेत. निदान पक्कं असेल तर खेळ आणि जोराचा व्यायाम साधारण तीन ते सहा महिने बंद ठेवतात. परवानगी देण्याआधी इको, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) आणि व्यायाम-चाचणी करतात, गरज पडली तर हृदयाचा एमआरआयही. तरुण, तंदुरुस्त माणसं याच बाबतीत सगळ्यात जास्त घाई करतात.

मोजायचं काय आणि कसं

एक वही आणि ऑक्सिमीटर पुरेसा आहे. स्मार्टवॉच असलं तर सोय होते, नसलं तर अडत नाही.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. आठवडाभराच्या नोंदींतून तुमचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो दहाने किंवा त्याहून जास्त वर असेल तर त्या दिवशी व्यायामाची मात्रा कमी करायची. विश्रांतीची नाडी १०० च्या वर, ताप, किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही.

ऑक्सिमीटर लावायचीही पद्धत आहे. बोट उबदार हवं, नखाला पॉलिश नको, पाच मिनिटं बसून झाल्यावर लावायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत जवळजवळ मिनिटभर थांबायचं. त्वचा सावळी किंवा काळी असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा एक-दोन अंक जास्त दाखवू शकतं. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तुमच्याच नोंदींतला चढ-उतार महत्त्वाचा. श्रमानंतर बोट लगेच काढू नका. बरेचदा सगळ्यात कमी आकडा थांबल्यानंतरच्या अर्ध्या-एक मिनिटात येतो. विश्रांतीच्या तुलनेत तीन किंवा जास्त अंकांची घसरण झाली तर नोंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आकडा नव्वदच्या खाली गेला तर तिथेच थांबा.

श्रमाची जाणीव शून्य ते दहा या मोजपट्टीवर लिहा. ही पट्टी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जड, दहा म्हणजे याहून जास्त होणारच नाही. रुग्ण सुरुवातीला या पट्टीला हसतात, पण बीटा ब्लॉकर चालू असणाऱ्यांसाठी ती नाडीपेक्षा भरवशाची आहे. ही औषधं नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे कमाल नाडी काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र त्यांना लागूच पडत नाही.

प्रगती पाहायला हात न टेकता खुर्चीतून उठ-बस मोजा: एका मिनिटात किती होतात. ही चाचणी दिसते त्यापेक्षा जड आहे. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करा, नंतर दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज स्वतःची परीक्षा घेत बसण्यात काही मिळत नाही.

निकाल उद्या लागतो

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. आजचा व्यायाम जमला का, याचं उत्तर आज मिळत नाही. काही जणांना विषाणूजन्य आजारानंतर श्रमांची किंमत बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी, कधी तिसऱ्या दिवशी मोजावी लागते: अंग मोडून येणं, डोकं जड होणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, घसा दुखणं, विचार न सुचणं. त्याला श्रमोत्तर थकवा म्हणू. साध्या थकव्याशी त्याची गल्लत करू नका. व्यायामाने पाय दुखले, रात्री झोप लागली आणि सकाळी ठीक वाटलं, तर ती सुधारणेची खूण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळीच लक्षणं उफाळून आली, तर ती धोक्याची.

म्हणून नियम असा: नवीन मात्रा सुरू केली की दोन दिवस तीच ठेवून वाट पाहा. तिसऱ्या सकाळी नाडी नेहमीची आणि थकवा वाढलेला नसेल तरच पुढे सरका. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी वेळ, मग वेग, मग चढ.

ज्यांना श्रमोत्तर थकवा वारंवार येतो त्यांनी पुढच्या पायऱ्या चढायच्याच नाहीत. 'दर आठवड्याला दहा टक्के वाढवा' हा ठरीव कार्यक्रम अशा रुग्णांचं नुकसान करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिसच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या, श्रमाने वाढणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी हा पूर्वनियोजित वाढीचा व्यायाम देऊ नये असंच सांगितलं. कोविडनंतरच्या दीर्घ लक्षणांत हेच चित्र बऱ्याच जणांत दिसतं. त्यांनी शक्तीचा हिशेब ठेवावा: जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या निम्मं करायचं, थकण्याआधी बसायचं, स्वयंपाक आणि आंघोळ एकाच तासात उरकायची नाही. चांगला दिवस आला की राहिलेली सगळी कामं हातावेगळी करायचा मोह होतो. पुढचे चार दिवस तिथेच जातात.

आधी श्वास

दम लागलेला असताना उपयोगी पडेल अशी स्थिती आधी शिका. खुर्चीत बसून पुढे झुका आणि कोपरं मांड्यांवर टेकवा. उभे असाल तर भिंतीला पाठ लावून पाय जरा पुढे घ्या, किंवा ओट्यावर हात टेकून पुढे वाका. झोपलेले असाल तर कुशीवर वळा आणि डोक्याखाली व खांद्याखाली उशा घ्या. खांदे सैल सोडा. नाकाने श्वास आत, मग मेणबत्तीची ज्योत हलवायची पण विझवायची नाही अशा बेताने ओठ आवळून सावकाश बाहेर. बाहेर सोडायला आत घेण्याच्या दुप्पट वेळ. दम लागलेला माणूस हवा आत ओढायची धडपड करतो. आधी बाहेर सोडली की आत आपोआप येते.

शांत वेळी पोटाने श्वास घ्यायचा सराव करा. एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात उचलला जायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. 'खोल' श्वास घ्यायचा नाही, सावकाश आणि हलका घ्यायचा. ज्यांची लय बिघडली आहे त्यांना जोरजोरात खोल श्वास घेतल्याने चक्कर आणि मुंग्या वाढतात.

कफ साचत असेल तर खोकून दमण्याऐवजी हफिंग करा: मध्यम श्वास घेऊन, घसा उघडा ठेवून, आरशावर वाफ धरवल्यासारखा 'हा' करून हवा बाहेर टाका. एक-दोन हफ, मग शांत श्वास, मग पुन्हा. कफ वर आला की एकदा खोका.

तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरबद्दल, म्हणजे श्वासाने आतले छोटे चेंडू वर उचलायच्या प्लास्टिकच्या यंत्राबद्दल, एक सांगायला हवं. तो फुंकायचा नसतो, सावकाश ओढायचा असतो, आणि तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. रुग्णालयात त्याचा उपयोग होतो. घरी आल्यावर चालण्याची जागा तो घेऊ शकत नाही. फुगे फुगवण्याचंही तेच.

पायऱ्या

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या रुग्णांसाठी पाच टप्पे सुचवले आहेत. प्रत्येक टप्प्यावर किमान सात दिवस थांबायचं, त्रास वाढला तर एक टप्पा खाली यायचं. इतर विषाणूजन्य न्यूमोनियानंतरही हा सांगाडा वापरता येतो.

पहिला टप्पा, श्रम शून्य ते एक. श्वासाचे वरचे व्यायाम, पलंगावर घोटे फिरवणं, गुडघे वाकवणं, खांदे फिरवणं, हलके ताण. दिवसातून बऱ्याचदा उठून बसणं हाही व्यायामच. आयसीयूतून आलेल्यांना यात दोन-तीन आठवडेही लागू शकतात.

दुसरा टप्पा, श्रम दोन ते तीन. सपाटीवर सावकाश चालणं, हलकी घरकामं. सलग चालायचा हट्ट नको. दोन मिनिटं चाला, एक मिनिट बसा, असं चार-पाच वेळा. थांबून थांबून चाललेली दहा मिनिटं ही दहा मिनिटंच असतात. इथे दोन दिवसांचा नियम काटेकोर पाळून एकूण वेळ हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत न्या, मग विश्रांतीची मिनिटं कमी करा.

तिसरा टप्पा, श्रम चार ते पाच. झपझप चालणं, जिना, ताकदीचे व्यायाम. बोलताना वाक्य पूर्ण करता यायला हवं. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. जिन्यात एकाच गोष्टीने मोठा फरक पडतो: जोर लावताना श्वास सोडायचा. पाय उचलला की फुंका. वजन उचलताना, वाकताना, खुर्चीतून उठतानाही हेच. श्वास रोखून जोर लावणं ही फार जुनी सवय असते, जायला वेळ लागतो.

चौथ्या टप्प्यात श्रम पाच ते सातपर्यंत जातात आणि तोल, वळणं, दिशाबदल अशा हालचाली येतात. पाचव्यात आजारापूर्वीचा व्यायाम. इथवर आलेल्या माणसाला फारशा सूचनांची गरज उरत नाही.

ताकदीचे व्यायाम तिसऱ्या टप्प्यावर कधीही सुरू झाले तरी ते वगळू नका. नुसत्या चालण्याने मांड्या भरत नाहीत. खुर्चीतून उठ-बस, टाचा उचलणं, भिंतीवर दंड, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, मध्ये किमान एक दिवस सोडून. सोबत प्रथिनं हवीत. मोठ्या आजारातून उठणाऱ्याला बहुधा वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम किंवा थोडं अधिक सांगतात, पण मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर ते स्नायू आणखी झिजवतं आणि साखर वाढवतं. तरी मनाने एकदम बंद करायचं नाही.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर व्यायाम करताना तो लावूनच करा. 'फुप्फुसांना सवय व्हावी' म्हणून काढून ठेवणारे बरेच असतात. ऑक्सिजन कमी पडला की स्नायू लवकर दमतात, व्यायाम कमी होतो आणि सुधारणाही लांबते. कमी कधी करायचा हे चालतानाचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील.

उभं राहिलं की धडधडतं तेव्हा

दहा मिनिटं आडवे पडा, नाडी मोजा. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं शांत उभे राहा आणि दर मिनिटाला नाडी मोजा. सोबत कुणीतरी हवंच, चक्कर आली तर लगेच बसा. नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून टिकली (किशोरवयीनांत ४०) आणि रक्तदाब पडला नाही, तर पॉट्स नावाच्या बिघाडाची शक्यता धरून डॉक्टरांशी बोला.

अशा माणसाला 'रोज चालायला जा' सांगणं म्हणजे नेमक्या न जमणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करायला लावणं. त्याचा व्यायाम आडव्या स्थितीत सुरू होतो: पाठीवर पडून कंबर उचलणं, कुशीवर पाय उचलणं, बसून मागे टेकून चालवायची सायकल, रोइंग. काही आठवड्यांनी उभ्याने. पाणी भरपूर, पोटऱ्या-मांड्यांना घट्ट मोजे, अंथरुणातून एकदम न उठणं यांचा आधार मिळतो. मीठ वाढवायचा सल्लाही दिला जातो, पण उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो घातक ठरू शकतो. विचारल्याशिवाय वाढवू नका.

एकट्याने की कार्यक्रमात

देखरेखीखालचा पुनर्वसन कार्यक्रम मिळत असेल तर तो घ्या. सहसा तो सहा ते बारा आठवड्यांचा, आठवड्याला दोन-तीन सत्रांचा असतो. प्रवास झेपत नसेल तर ऑनलाइनही चालेल. कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्या, तीन महिन्यांनंतरही त्रास असलेल्या ५८५ प्रौढांवर इंग्लंड आणि वेल्समध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. आठ आठवडे ऑनलाइन गटात व्यायाम आणि मानसिक आधार मिळालेल्यांचं जीवनमान, एकदाच सल्ला मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारलं. त्यातला मानसिक आधाराचा भाग शोभेपुरता नव्हता. आयसीयूतून आलेल्यांना भयस्वप्नं पडणं, विसरायला होणं, पुन्हा दम लागेल या भीतीने हालचालच टाळणं हे सर्रास होतं, आणि भीतीने श्वास आणखी भराभर होतो.

कामावर परतताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, एक दिवसाआड, जमलं तर घरून, अशी बोलणी आधीच करून ठेवा. प्रवासाचे श्रमही मोजा. बऱ्याच जणांचं काम झेपतं, जाणं-येणं झेपत नाही.

रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तर साधारण बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी ठेवा. तेव्हाही एक्स-रे स्वच्छ नसेल किंवा चालताना ऑक्सिजन घसरत असेल तर फुप्फुसांची पूर्ण कार्यचाचणी (नुसती फुंकण्याची नव्हे, वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओसुद्धा), सीटी स्कॅन आणि इको यांबद्दल विचारा. जाताना वही न्या. सकाळची नाडी, चालतानाचा ऑक्सिजन, उठ-बस, आणि कुठल्या श्रमानंतर किती तासांनी त्रास झाला, हे चार रकाने डॉक्टरांना दहा मिनिटांच्या भेटीत कुठली तपासणी आधी करायची ते सांगतात.